गोदूआत्यांच्या भिंतीतली तार

बाबाराव ढोमण्यांचं दुकान रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात, देवळाकडे वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी. दुकान म्हणजे एक खोली. पुढे टेबल, टेबलावर मीटर, मागे खिळ्यांना टांगलेल्या इस्त्र्या आणि पंख्यांची पाती. पाटी नाही. तिची गरज कधी पडली नाही. ज्याची विजेची शेगडी तापेना तो आपसूक तिथे येई, आणि ब्राह्मणपाऱ्यात कुणाचीच शेगडी धड तापत नसे.

तिकडे शहराबाहेर सिलतऱ्याला लोखंडाच्या भट्ट्या दिवसरात्र धगधगत. इकडे जुन्या वस्तीत संध्याकाळ झाली की बल्ब कावीळ झाल्यासारखा पिवळा पडायचा. पंखा फिरतोय की थांबतोय, यावर घरात वाद व्हायचे. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर जुना. घरं वाढली, दुमजली झाली, तो होता तेवढाच राहिला. भिंतीतून दोनशेतीस व्होल्ट यायला हवेत, यायचे एकशेसाठ.

बाबाराव मूळ गोंदियाकडचे. वडील रेल्वेत, म्हणून रायपूर. नागपूरला मामाकडे राहून आयटीआय केली, वायरमनचं सर्टिफिकेट घेतलं, सरकारी नोकरीची वाट पाहिली. वाट पाहून कंटाळले तेव्हा दुकान घातलं. पण शिकताना लागलेली एक खोड सुटली नाही. दुसरे कारागीर तार अंदाजानं थोडी कमी-जास्त करायचे आणि काय होतं ते बघायचे. बाबाराव आधी मीटर लावायचे, मग टेबलाच्या फळीवर खडूनं भागाकार करायचे. गिऱ्हाईक घाईत असो की शिव्या देत असो, भागाकार झाल्याशिवाय पेचकस हातात यायचा नाही.

समोर भैय्यालालचा पोहे-जिलबीचा ठेला. त्याला मराठी सगळं समजे, उत्तर तो हिंदीत देई. एकदा तो घरची शेगडी घेऊन आला, तर बाबारावांनी त्याला शाळेत बसवल्यासारखं समोर बसवलं.

"हे पाय. शेगडी चालू आहे. व्होल्ट किती? एकशेसाठ. करंट किती? तीन अँपिअर. आता एकशेसाठले तीननं भाग. त्रेपन्न. हा तारेचा अडथळा, त्रेपन्न ओहम. म्हणजे तार ठणठणीत आहे, तिचा काही दोष नाही. आता त्याच एकशेसाठले तीननं गुण. चारशे ऐंशी वॉट. डब्यावर हजार लिहून आहे, अन् तुझी अर्ध्यावरही नाही चालून राहिली."

"वो सब ठीक है भैया. मेरी दाल कब गलेगी, वो बताओ."

"गलेल. मी गलवतो."

आणि बाबाराव खरंच गलवायचे. एकशेसाठ व्होल्टवर हजार वॉट हवे, तर करंट हवा सव्वासहा अँपिअर. एकशेसाठला सव्वासहानं भागलं की साडेपंचवीस ओहम येतात. म्हणजे निम्म्या अडथळ्याची तार. ते बाजारातून दोन हजार वॉटची जाड कॉइल आणत, तिचा थोडा तुकडा कापून साडेपंचवीसवर बसवत आणि ती हजाराच्या मातीच्या थाळीत घालत. शेगडी लालबुंद. वस्तीत तिला 'बाबारावची कॉइल' असं नावच पडलं. नव्या सुनेला सासू सांगे, शेगडी आणली की आधी बाबारावकडे ने, मग घरात घे.

मोठी कॉइल घरचा फ्यूज उडवायची. त्यावरही बाबारावांकडे इलाज होता. फ्यूजला तार दुहेरी गुंडाळायची. मग काही उडत नसे.

मग वेगळं राज्य झालं. रायपूर राजधानी झालं. रस्त्यांवर लाल दिव्यांच्या गाड्या दिसायला लागल्या. भाजीवालीसुद्धा भाव वाढवला की म्हणायची, राजधानी आहे बाई आता. ब्राह्मणपाऱ्याच्या वाट्याला राज्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात एक गोष्ट आली. खांबावर नवा ट्रान्सफॉर्मर चढला. संध्याकाळी दिवे लागले आणि गल्लीत आरडाओरडा झाला. बल्ब पांढरे होते. भैय्यालालनं जाणाऱ्या-येणाऱ्याला जिलबी दिली. बाबारावांनी हातातली जिलबी तोंडात कोंबली, चिकट बोटांनीच मीटर लावलं आणि मुलीला हाक मारली.

"पिंकी! अगं पोट्टे, पाय इकडे! दोनशेतीस!"

पिंकी कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. ती दारातूनच म्हणाली, "हाँ बाबा, सबके घर में है."

"तुले काही वाटतच नाही का? दोनशेतीस, पोट्टे!"

"वाटतं ना बाबा. टीवी एकदम साफ दिख रहा है."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुरुस्तीला आलेली एक शेगडी तपासायला प्लगला लावली. त्यांचीच कॉइल, त्यांनीच मागे बसवलेली. करंटचा काटा उठला, सहा ओलांडून गेला आणि नऊवर जाऊन थांबला. बाबारावांना वाटलं, मीटर बिघडलं. त्यांनी दुसरं लावलं. नऊच. त्यांनी खडू घेतला. दोनशेतीसला नऊनं भागलं. साडेपंचवीस. म्हणजे तार तीच, अडथळा तोच, हिशोब चोख. मग त्यांनी दोनशेतीसला नऊनं गुणलं.

दोन हजार सत्तर.

ते आकड्याकडे बघत बसले. मातीची थाळी हजाराची. शेगडीची वायर हजाराची. घराघरातले पिन-प्लग पाच अँपिअरचे. आणि त्यातून जाणार नऊ. अशा वेळी घर वाचवतो तो फ्यूज. तो वितळतो, वीज तुटते. पण फ्यूजला दुहेरी तार कुणी गुंडाळायला सांगितली होती? बाबारावांनी.

एकशेसाठ हा आकडा त्यांनी इतकी वर्षं त्या फळीवर लिहिला होता की तो कधी बदलेल असं मनातच आलं नव्हतं. बाकी सगळं ते मोजायचे. तो एक आकडा ते मोजण्याआधीच लिहून ठेवायचे.

ते तसेच उठून घरी गेले. घर दुकानाच्या मागेच. शारदाबाई शेगडीवर भात टाकत होत्या.

"बंद कर ती."

"काहून? आत्ता तर टाकला भात. काय भराभर शिजून राहिलं सगळं! मी तर म्हणते, राज्य पहिलेच व्हायला पाहिजे होतं."

"शारदा, बंद कर म्हणतो ना!"

त्यांनी स्वतःच पिन ओढली. पिन हाताला चटका देऊन गेली. शारदाबाई अर्धवट भाताकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. त्या दिवशी ढोमण्यांकडे मुरमुरे खाल्ले गेले.

दुपारपासून बाबाराव घरोघर निघाले. शेगडी द्या, साधी हजाराची कॉइल परत बसवून देतो, पैसे नकोत. त्यांना वाटलं होतं, सांगितलं की लोक देतील. शेगडी त्यांच्याच हातची होती. त्यांनीच म्हटलं होतं मोठी लावा, आता तेच म्हणतात लहान लावा.

कुसुमवहिनी दारातूनच हसल्या. "बाबाराव, इतकी वर्षं पाणी तापत नाही म्हणून रडलो. आता तापून राहिलं तर तुम्ही शेगडी मागून राहिले?"

"वहिनी, जास्त तापून राहिलं."

"जास्त तापणं वाईट असते का हो कधी? थंडीचे दिवस आहेत."

पुढच्या घरी रामकृष्ण सोनटक्के. जमीन-मोजणी खात्यातून निवृत्त. त्यांनी बाबारावांना बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसला.

"व्होल्टेज चांगलं आलं. आता शेगड्या बिघडणार नाहीत. तुमचा धंदा बसला. असंच ना?"

"काका, मी पैसे मागून नाही राहिलो. फुकट बदलून देतो."

"फुकट? मग तर नक्कीच काहीतरी आहे."

बाबारावांनी त्यांच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर गुणाकार करून दाखवला. सोनटक्क्यांनी तो तपासला आणि गुणाकार बरोबर आहे म्हणून सांगितलं. शेगडी मात्र दिली नाही.

काहींनी शेगडीऐवजी टोमणे दिले. एकीनं विचारलं, पहिली कॉइल चूक होती तर तेव्हा बसवली काहून, आणि बरोबर होती तर आता काढता काहून? याला उत्तर होतं. पण ते द्यायला खडू, फळी आणि थोडी शांतता लागत होती. ती बाई तोवर आत निघून गेली. संध्याकाळी बाबाराव रिकाम्या हातानं परत आले आणि शारदाबाईंवर उगीच खेकसले.

मग भैय्यालालच्या घरचा प्लग वितळला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच. काळा धूर, जळक्या प्लास्टिकचा वास, भिंतीवर हातभर काजळी. भैय्यालालच्या बायकोनं काठीनं तार ओढून काढली, म्हणून तेवढ्यावर निभावलं. तासाभरात बाबारावांच्या दुकानापुढे शेगड्यांची रांग. सगळ्यांच्या तोंडी एकच.

"बाबाराव, हे आधी काहून नाही सांगितलं?"

बाबारावांनी कपाळावर हात मारला. सोनटक्के रांगेत पुढे उभे राहून लोकांना समजावत होते, "दोनशेतीस गुणिले नऊ. साधा हिशोब आहे." भैय्यालाल ठेल्यावरून ओरडला, "भैया, मेरे को तो बोल देते!"

"तुझ्या घरी येऊनच गेलो ना रे काल!"

"हव, आए थे. पर ऐसे थोड़े बोले थे कि सच में जलेगा."

सगळ्यांच्या कॉइली बदलल्या. फ्यूजची तार एकेरी झाली. रांग संपली तेव्हा बाबारावांच्या ध्यानात आलं, गोदूआत्या आलेल्या नाहीत.

गोदूआत्या म्हणजे गोदावरीबाई. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. घराणं भोसल्यांच्या राज्यापासून रायपुरात. हे त्या पहिल्या भेटीत सांगत आणि नंतरच्या भेटीतही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा शिशिर डॉक्टर, समता कॉलनीत त्याची रक्त तपासायची लॅब, वर घर. तो आईला तिकडे बोलवी. त्या जात नसत. तीन खोल्यांच्या घरात एकट्या राहत आणि एकट्याचा स्वयंपाक विजेच्या शेगडीवर करत. गॅसची त्यांना भीती. सिलिंडर घरात आला तर मीच बाहेर जाईन, असं त्यांनी मुलाला बजावलेलं. व्होल्टेज अगदीच पडलं होतं त्या वर्षी त्या जाण्याच्या बेतात आल्या होत्या. दुपार टळली तरी डाळ शिजत नव्हती. तेव्हा बाबारावांच्या कॉइलीनं त्यांना ब्राह्मणपाऱ्यात ठेवलं. ही गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या.

बाबाराव गेले तेव्हा त्या ओट्यावर उन्हात बसून तांदूळ निवडत होत्या.

"ये. तुझ्या तमाशाचं ऐकलं मी."

"आत्या, शेगडी द्या. अर्ध्या तासात परत आणतो."

"कशाला? साधी कॉइल घालायला? ती मी पाहिली आहे. चार वाजता जेवायचे मी तिच्यावर."

"तेव्हा एकशेसाठ होते आत्या. आता दोनशेतीस आहेत. साधी कॉइल आता बरोबर हजार वॉट देईल, पहिले माझी देत होती तेवढेच."

"आणि आत्ता किती देते?"

"दोन हजार."

"मग दोन हजार सोडून मी हजार का घेऊ? शाळेत मी गणितच शिकवत होते, बाबाराव."

बाबाराव उंबऱ्याबाहेर उभे होते. स्वयंपाकघर समोरच दिसत होतं, पण ते कधी आत गेले नव्हते. आत्यांचं सोवळं कडक. शाळेत त्यांनी सगळ्या जातींच्या पोरींची शेंबडी नाकं पुसली. पिंकीलाही मांडीवर घेऊन पाढे शिकवले. पण स्वयंपाकघराचा उंबरा वेगळा. तिथे देव होते. शेगडी बिघडली की त्या ती ओट्यावर आणून ठेवत, बाबाराव तिथेच दुरुस्त करत. बाबारावांना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, किंवा वाटलं असेल तर त्यांनी ते बोलून दाखवलं नव्हतं. आज मात्र ते मान लांब करून आत बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी आत्यांच्या शेगडीला किती वेळा मीटर लावलं, पण ती शेगडी कुठल्या भिंतीत टोचली जाते हे पाहिलंच नव्हतं.

भिंतीवर लाकडी पट्टी. पट्टीवर कापड गुंडाळलेली तार. नवऱ्यानं घर बांधलं तेव्हाची. ती देव्हाऱ्याच्या मागून येत होती, लोणच्याच्या बरण्यांच्या फळीखालून जात होती आणि एका गोल काळ्या बटणाशी संपत होती.

"आत्या, वास येऊन राहिला."

"डाळ लागली सकाळी थोडी."

"डाळीचा नाही. कापडाचा आहे. आत्या, त्या बटणावर हाताची पाठ ठेवून पाहा बरं."

आत्या कुरकुरत आत गेल्या. हात ठेवला.

"कोमट आहे. हिवाळ्यात बरं वाटतं."

बाबारावांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी समजावलं, हात जोडले, आवाज चढवला. तार पन्नास वर्षांची आहे, साधी कॉइल घातली तरी आता तिचा भरवसा नाही, आणि तुम्ही तर तिच्यातून नऊ अँपिअर ओढता. आत्या तांदूळ निवडत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "शेगडी या घरातून गेली की मी गेले. शिशिर टपूनच बसला आहे. तू जा आता."

बाबाराव घरी गेले नाहीत. त्यांनी लूना काढली आणि थेट समता कॉलनी गाठली. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं की मुलगा शिकलेला आहे, तो आईला दटावेल.

शिशिर लॅबमध्ये होता. बाहेर पेशंट बसलेले. तो बाबारावांना ओळखत होता. त्यानं उभ्याउभ्याच ऐकलं.

"म्हणजे आग लागू शकते?"

"लागू शकते. मी असं म्हणतो की तुम्ही त्यांले समजवा. शेगडी माझ्याकडे..."

"बाबारावजी, तुम्ही माझं कामच केलं." शिशिर एकदम मोकळा झाला. "मी दोन वर्षं कारण शोधतोय. आई म्हणते, मला काय धाड भरली आहे इथे? आता मी सांगू शकतो, इलेक्ट्रिशियन खुद बोल के गया है. रविवारी गाडी घेऊन येतो. घर बंद करून टाकू."

"मी तसं नाही म्हटलं, डॉक्टरसाहेब. मी तारेचं म्हटलं."

"अहो, तार काय अन् घर काय! अकेली औरत, सत्तर पार. तुम्हीच म्हणता ना, भरवसा नाही?"

"तारेचा."

शिशिरला आतून कुणीतरी हाक मारली. जाता जाता तो बाबारावांचा हात हातात घेऊन थँक यू म्हणाला.

परतताना बाबाराव स्वतःशीच भांडत होते. एका चौकात सिग्नल लाल असताना त्यांची लूना सरळ निघाली आणि शिपायानं शिवी घातली. त्यांना वाटलं, बरोबर घातली. शेगडी सोडवायला गेलो आणि बाईलाच घरातून काढून आलो. न बोललो असतो तर भिंत पेटली असती. बोललो, तर हे.

ते पोचले तेव्हा आत्यांना फोन येऊन गेला होता. त्या ओट्यावर नव्हत्या, दारात उभ्या होत्या.

"चुगली करून आलास?"

"आत्या..."

"माझ्याच शाळेत तुझी पोरगी शिकली. तिची फी कुणी माफ केली होती, विचार तिला. आणि तू माझ्या घराला कुलूप लावायला निघालास."

"द्या शिव्या. पण माझं एक ऐका. रविवार यायचा आहे अजून. मले तुमच्या भिंतीत नवी तार ओढू द्या. मीटरपासून शेगडीपर्यंत, जाड, तांब्याची. वेगळं बटण, पंधरा अँपिअरचा प्लग, वेगळा फ्यूज, शेगडीले जाड वायर अन् दोन हजाराची थाळी. मग तुम्ही दोन हजारावर करा की आणखी कशावर. माझी कॉइल राहू द्या. शेगडी घराबाहेर जाणारच नाही."

आत्यांनी शिकवलेलं गणित त्यांच्या चेहऱ्यावर चाललेलं दिसत होतं.

"मग शिशिरला काय सांगशील?"

"जे खरं आहे ते. तार बदलली. आता धोका नाही. मीटर लावून दाखवतो त्यांले."

"पट्टी देव्हाऱ्यामागून जाते."

"हव."

"म्हणजे तुला आत यावं लागेल."

"यावं तर लागेल, आत्या. भिंत काही ओट्यावर आणता येत नाही."

हे वाक्य बाबारावांच्या तोंडून जरा तिखटच गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या आत गेल्या. भांडी हलल्याचा आवाज आला, बराच वेळ; तेवढ्यात बाबारावांनी दुकानातून तार, बोर्ड, थाळी आणि हत्यारांची पिशवी आणली. आत्या बाहेर आल्या तेव्हा हातात देव होते, ताम्हनात, वर ओलं वस्त्र. ते घेऊन त्या ओट्याच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"जा. लोणच्याला हात लावू नको."

बाबारावांनी चपला काढल्या, ओट्यावरच्या मीटरजवळचा मेन बंद केला आणि उंबरा ओलांडला. आतलं स्वयंपाकघर इतकं लहान होतं की त्यांना आश्चर्य वाटलं. त्यांनी पट्टीचे खिळे उपसायला सुरुवात केली. देव्हाऱ्यामागची पट्टी निघाली तेव्हा तारेचं कापड त्यांच्या बोटांत राखेसारखं चुरलं. मागच्या लाकडावर काळा पट्टा पडला होता. त्याच्या हातभर वर फळी, फळीवर तेलाची बरणी.

त्यांनी तो तुकडा बाहेर नेऊन आत्यांपुढे धरला. त्यांनी मान वळवली नाही.

"दाखवू नको. काम कर."

"जुनं गोल बटण काढू ना?"

"विचारतोस काय? काढायला आलास ना? तो पाटा सरकवू नको. पाण्याच्या हंड्याला पाय लागला का?"

"नाही लागला."

"आवाज आला मला."

"हातोड्याचा होता तो."

बाहेरून सूचना येत राहिल्या, आतून हं येत राहिलं. ऊन ओट्यावरून उतरलं. शेगडीला जाड वायर आणि थाळी बसली, भिंतीत नवी तार बसली, नवा बोर्ड बसला, पांढरा, भिंतीवर उपरा दिसणारा. बाबारावांनी मेन लावला, शेगडी पेटवली, मीटर लावलं. दोनशेतीस. नऊ. त्यांनी थोडा वेळ थांबून तारेवर हाताची पाठ ठेवली. गार होती. प्लग गार. ते किती तरी दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेऊन उभे राहिले.

"झालं, आत्या. हात लावून पाहा, गार आहे. रविवारी डॉक्टरसाहेबांले हेच दाखवू."

"बरं. आता बाहेर ये."

ते बाहेर आले. आत्या उठल्या, देव घेऊन त्यांच्या शेजारून आत गेल्या. धन्यवाद नाही, काही नाही. बाबाराव ओट्यावर बसून हत्यारं पिशवीत भरू लागले. पाठ भरून आली होती. रविवारी शिशिर मानेल की नाही, मानला तरी पुढच्या रविवारी दुसरं कारण काढेल की काय, असं काहीबाही मनात चाललं होतं. आतून हंड्यात तांब्या बुडाल्याचा आवाज आला. मग जमिनीवर पाणी फेकल्याचा. ते काय आहे हे त्यांना कळलं. त्यांनी मान खाली घातली आणि पेचकस पुसत राहिले. देवांच्या जागेवर पाणी. भिंतीवर पाणी. सगळीकडे, जिथे जिथे बाबाराव उभे राहिले होते.

पुढचा आवाज वेगळा होता. पाणी प्लास्टिकवर पडल्याचा.

"आत्या!" बाबाराव उडी मारून उठले. "बोर्डावर नका! आत्या, बोर्डावर पाणी नका टाकू!"

"तुझा हात तिथेच जास्त लागला आहे."

"शेगडी चालू आहे! करंट आहे त्याच्यात!"

उंबऱ्याशी त्यांचे पाय थांबले. देव आत गेले होते. आत जावं तर पुन्हा पाणी पडणार, कदाचित तिथेच. आत्यांनी तांब्या परत भरला होता. बाबाराव वळले, ओट्यावरच्या मीटरकडे धावले आणि फ्यूज उपसून काढला. घरातला दिवा गेला.

"अरे! वीज कुठे गेली?" आतून आत्यांचा आवाज.

"माझ्याजवळ आहे."

"लाव परत. वरण व्हायचं आहे."

"वाळल्याशिवाय नाही लावत."

"किती वेळ लागेल?"

"तुम्ही किती तांबे टाकले त्याच्यावर आहे."

मग आणखी एक तांब्या पडला. बाबारावांनी फ्यूज खिशात घातला आणि ओट्यावर बसून राहिले.